सूचकाची सही

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या व्याख्यानमालेत बाहेरगावच्या एका वक्त्यांनी 'पक्ष आणि विवेक' या विषयावर तासभर सुंदर भाषण केले. सुंदर हा शब्द मी उपहासाने वापरत नाही. आवाज चांगला, दाखले नेमके, आणि हातात कागदाचा चिटोराही नव्हता. भाषणाचा कळस त्यांनी बांधला तो १९६९ सालच्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीवर. त्यांचे म्हणणे असे की, पक्षाने लादलेला उमेदवार नाकारून शेकडो आमदार-खासदारांनी त्या वर्षी आपल्या अंतरात्म्याचा कौल दिला, आणि भारतीय लोकशाहीत विवेकाचा विजय झालेला असा दुसरा प्रसंग दाखवता येणार नाही. सभागृहात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पुढच्या रांगेत बसलेल्या हेडमास्तरने टाळ्या वाजवायच्या असतात.

घरी येईपर्यंत त्या टाळ्यांची लाज वाटू लागली. इयत्ता दहावीला नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. राष्ट्रपतींची निवडणूक कशी होते, मताचे मूल्य कसे काढतात, एकल संक्रमणीय मतपद्धती म्हणजे काय, हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिले आहे की झोपेतही लिहीन. १९६९ हे वर्ष त्या धड्याला लागून येतेच. कारण दुसऱ्या पसंतीची मते मोजण्याची वेळ आजवर त्या एकाच राष्ट्रपती-निवडणुकीत आली. तेव्हा ज्याला विवेकाचा विजय म्हणतात त्याची हकीकत एकदा सरळ मांडावी, आणि मग तो विजय कोणाचा होता ते पाहावे.

राष्ट्रपती झाकिर हुसेन ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच वारले. उपराष्ट्रपती वराहगिरी व्यंकटगिरी कार्यवाहक राष्ट्रपती झाले. जुलै महिन्यात काँग्रेसचे अधिवेशन बंगळूरला भरले, आणि तेथे १२ तारखेला पक्षाच्या संसदीय मंडळाने उमेदवार ठरवायला घेतला. पंतप्रधान इंदिराबाईंनी जगजीवनराम यांचे नाव सुचवले. ते गांधीजींच्या जन्मशताब्दीचे वर्ष होते. त्या वर्षी एक दलित नेता राष्ट्रपतिभवनात जावा, हे म्हणणे नुसते शोभेचे नव्हते. पण मंडळात बहुमत 'सिंडिकेट' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ज्येष्ठांचे. कामराज, स. का. पाटील, मोरारजीभाई यांनी लोकसभेचे सभापती नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने कौल दिला. आमचे यशवंतराव चव्हाणही त्याच बाजूला गेले. रेड्डींचे नाव बहुमताने मंजूर झाले. पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा.

आता हे रेड्डी म्हणजे कोणी ऐरेगैरे नव्हते, आणि निष्कलंक देवमाणूस म्हणून सर्वमान्यही नव्हते. आंध्राचे पहिले मुख्यमंत्री, इंदिराबाईंच्या पाठोपाठ काँग्रेसचे अध्यक्ष, पुन्हा मुख्यमंत्री. १९६४ मध्ये बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने त्यांच्या सरकारवर प्रतिकूल शेरे मारले, तेव्हा त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९६७ मध्ये सभापती झाल्यावर पक्षाच्या सदस्यत्वाचाही राजीनामा दिला. सिंडिकेटला ते हवे होते ते या गुणांसाठी नव्हे. पंतप्रधानांना डोईजड होईल असा राष्ट्रपती हवा होता म्हणून. हे इंदिराबाईंना कळत नव्हते असे नाही, आणि त्यांची भीती खोटी होती असेही मी म्हणणार नाही.

भीती खरी होती तर करायचे काय? दोन वाटा उघड्या होत्या. हा उमेदवार मला मान्य नाही असे तेथेच जाहीर करून लढायचे, ही एक. बहुमताचा निर्णय कडू काढ्यासारखा गिळायचा, ही दुसरी. इंदिराबाईंनी तिसरी वाट काढली. १६ जुलैला मोरारजीभाईंकडून अर्थखाते काढून घेतले. ते मंत्रिमंडळाबाहेर पडले. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर सही कार्यवाहक राष्ट्रपती गिरींची. दुसऱ्याच दिवशी, २० जुलैला, गिरींनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात उतरले. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांना काही आठवडे राष्ट्रपतिभवन सांभाळावे लागले. आणि या सगळ्या धामधुमीत रेड्डींचा उमेदवारी अर्ज भरला गेला, त्यावर सूचक म्हणून सही होती इंदिरा गांधींची.

या सहीपाशी मला थांबायचे आहे. वक्त्यांनी बँका सांगितल्या, सिंडिकेट सांगितले, अंतरात्मा तर चार वेळा सांगितला. ही सही सांगितली नाही.

मतदार गुप्त मतदान करतो. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत तर राज्यघटनेनेच ते गुप्त ठेवले आहे. मतदाराने आत जाऊन काय केले हे कोणी विचारू नये, हे त्याचे कवच. सूचकाला असे कवच नाही. सूचक उघड्यावर उभा असतो. या माणसासाठी मी जबाबदार, असे तो दहाजणांसमोर कागदावर लिहून देतो. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर 'आपले विनीत' म्हणून ज्याचे नाव छापलेले असते, त्याने वऱ्हाडाला दारात अडवून म्हणावे, 'मांडवात जायचे की नाही ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे'. तर त्या माणसाला आपण काय म्हणू? विवेकी म्हणू? गावातले कोणी त्याच्याकडे पुन्हा पत्रिकेवर नाव घालायला परवानगी मागणार नाही, एवढे मात्र नक्की.

ऑगस्टमध्ये नेमके हेच झाले. रेड्डी प्रचाराला फिरत होते, पक्षाचे अधिकृत उमेदवार म्हणून. निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पुढाऱ्यांची भेट घेतली. त्या पक्षांची दुसऱ्या पसंतीची मते रेड्डींना मिळावीत यासाठी. मोठी चूक. ज्यांच्याशी कालपर्यंत लढलो त्यांच्या दारात अध्यक्षाने जायचे आणि पंतप्रधानांना त्याचा पत्ता नाही! ही चूक इंदिराबाईंच्या बाजूला आयती सापडली. जगजीवनराम आणि फखरुद्दीन अली अहमद यांनी अध्यक्षांना पत्र लिहून सभासदांना मोकळेपणाने मत देऊ द्या अशी मागणी केली. मतदानाच्या तोंडावर पंतप्रधानांनी पक्षादेश काढायचे नाकारले, रेड्डींसाठी शब्द टाकायचे नाकारले, आणि ज्याने त्याने विवेकाला स्मरून मत द्यावे असा संदेश गेला. म्हणजे उमेदवारी काढून घेतली नाही, सही मागे घेतली नाही, दुसरे नाव उघडपणे दिले नाही. रेड्डी उभेच होते. त्यांच्या पायाखालचा पाट तेवढा सरकवला होता.

प्रचार चालू असतानाच पक्षाचा पाठिंबा गेला की उमेदवाराचे काय होते, हे पाहायला याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही. कारण सगळे आकड्यांत दिसते. १६ ऑगस्टला मतदान झाले, २० तारखेला मोजणी. पंधरा उमेदवार होते, खरी लढत तिघांत. पहिल्या पसंतीची मते गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. निवडून यायला ४,१८,१६९ हवी होती, कोणालाच नव्हती. मग तळचे उमेदवार गळत गेले, त्यांची मते पुढे सरकली, आणि शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. अंतर १४,६५० मतमूल्याचे. त्या वेळी एका खासदाराच्या मताचे मूल्य ५७६ होते. मुलांना मी हे गणित घालतो: किती खासदार इकडचे तिकडे झाले असते तर निकाल फिरला असता? उत्तर येते तेरा. तेरा माणसे! निजलिंगप्पा ज्या दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी बदनाम झाले ती मते रेड्डींना खरोखरच मिळाली. नुसत्या पहिल्या पसंतीवर रेड्डी ८७,९६७ ने मागे होते ते पंधरा हजारांच्या आत आले. रेड्डींना परक्यांनी पाडले नाही. घरच्यांनी पाडले, आणि तेही थोडक्यात.

याच निवडणुकीत खासदारांमध्ये रेड्डींची बदनामी करणारे एक निनावी पत्रक फिरले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. गिरी राष्ट्रपती असताना स्वतः साक्षीला उभे राहिले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. पत्रकाचे पाप मी गिरींवर किंवा इंदिराबाईंवर घालत नाही, कोर्टानेही घातले नाही. पण हवा कशी होती ते पाहा. अर्जावर जी सही होती तिच्यामागे मन नव्हते, आणि पत्रकामागे जे मन होते त्याने सही केली नव्हती.

वक्त्यांच्या बाजूने बोलायचे तर ते म्हणतील, मास्तर, तुम्ही सहीला धरून बसलात. मागची मोठी गोष्ट पाहा. एका बाजूला जुने, धनिकांचे, गटबाज पुढारी. दुसऱ्या बाजूला बँका लोकांच्या करू पाहणारी तरुण पंतप्रधान. इतिहासाने कोणाला कौल दिला? १९७१ च्या लोकसभेत इंदिराबाईंच्या काँग्रेसला ३५२ जागा, संघटना काँग्रेसला १६. कबूल. लोकांनी कौल दिला, आणि तो स्वच्छ दिला. पण त्या कौलाने १९६९ चे कृत्य मागाहून शुद्ध होत नाही. मुलगा पुढे कलेक्टर झाला म्हणून त्याने दहावीत केलेली कॉपी अभ्यास ठरत नाही.

आणि जगजीवनराम? त्यांचे नाव पुढे करताना विवेक होता, असे धरू. मग गिरींच्या मागे जाताना ते नाव कोठे राहिले? बंगळूरला एका मतदानात हरल्यावर दलित राष्ट्रपतीची गोष्ट कोणीच पुन्हा काढली नाही. सिंडिकेटने नाही, इंदिराबाईंनीही नाही. के. आर. नारायणन राष्ट्रपतिभवनात गेले ते १९९७ साली. मध्ये अठ्ठावीस वर्षे गेली. अंतरात्म्याचा आवाज एवढा खणखणीत होता, तर तो एवढ्या एकाच गोष्टीवर एवढा गप्प कसा?

मला सर्वांत जास्त टोचते ती गोष्ट वेगळीच आहे. त्या निवडणुकीत लढलेल्या तिघांकडे नीट पाहा. गिरींनी १९५४ मध्ये केंद्रातील मजूरमंत्रिपद सोडले होते. बँक कर्मचाऱ्यांच्या वेतनाबाबतच्या निवाड्यात सरकारने फेरफार केला, तो त्यांना पटला नाही म्हणून. त्या वेळी अर्थमंत्री कोण होते? चिंतामणराव देशमुख. आणि चिंतामणरावांनी जुलै १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले, मुंबई शहर महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचे ठरले म्हणून. रेड्डींनी १९६४ मध्ये कोर्टाच्या शेऱ्यांवरून मुख्यमंत्रिपद सोडले, हे वर आलेच. तिघेही असे की, पटले नाही किंवा डाग लागला तेव्हा राजीनामा लिहिला, खाली सही केली आणि खुर्चीवरून उठले. विवेकाची किंमत तिघांनीही आपल्या खिशातून भरलेली. आणि अशा तिघांच्या निवडणुकीत 'विवेक' हा शब्द मिरवला कोणी? ज्यांनी खुर्ची सोडली नाही, सही पुसली नाही, आणि मतपत्रिका दुमडून पेटीत टाकली त्यांनी.

चिंतामणरावांविषयी आपल्या लोकांनी तरी थोडे थांबायला हवे होते. रायगडाच्या पायथ्याशी जन्मलेला हा माणूस रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. मेघदूत मराठीत आणणारा. १९५६ च्या राजीनाम्याने सबंध मराठी मुलूख त्यांच्यासाठी उभा राहिला होता. तो राजीनामा मुंबईसाठी होता, बेळगाव-कारवार-निपाणीसाठी नव्हे, हे खरे. पण त्या वर्षी आम्हांला आमचे म्हणता येईल असे दिल्लीत एवढेच एक माणूस होते. तेरा वर्षांनी ते स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. त्यांचे पक्ष कोणाला पटोत न पटोत. ज्या निवडणुकीत साऱ्या देशाला विवेकाचा पुळका आला होता, तिच्यात विवेकासाठी देशाचे अर्थखाते सोडणारा माणूस कोणाला आठवला नाही. आमच्या सीमाभागालाही नाही.

सीमाभागाला काय आठवले ते मी घरी ऐकलेले आहे. वडील सांगत, गिरी निवडून आल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. गिरींसाठी नव्हे. निजलिंगप्पांची जिरली म्हणून. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये अहवाल आला आणि बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवा असे त्याने सांगितले, तेव्हा म्हैसूरचे मुख्यमंत्री निजलिंगप्पाच होते. त्यांचे नाक कापले गेले, याचा आनंद माणसाला होणारच. मी त्या पिढीला दोष देत नाही. पण वार कोणावर बसला एवढेच पाहून वार कसा केला गेला हे पाहायचे राहिले, आणि ती सवय आम्हांला जडली. पुढे वार आमच्यावर बसले. ते कसे, ते सांगतो.

त्याआधी परदेशाचे थोडे. अमेरिकेतही असे घडते, आणि तेथील दोन अलीकडची उदाहरणे उपयोगी आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांची स्त्रियांविषयी घाणेरडे बोलणारी जुनी ध्वनिचित्रफीत बाहेर आली, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या सिनेटर मॅकेन यांनी पाठिंबा काढून घेतला. प्रतिनिधिगृहाचे सभापती पॉल रायन यांनी यापुढे त्यांचा बचाव करणार नाही असे सांगितले. महिन्याभरात ट्रम्प निवडून आले. तेथे मते कोट्यवधी लोकांची असतात, पुढाऱ्यांचे हात सुटले तरी उमेदवार तरतो. आपल्याकडे मतदारच आमदार-खासदार, म्हणून पुढाऱ्याने हात सोडला की उमेदवार बुडाला. २०२४ मध्ये बायडन यांना त्यांच्या पक्षातील एकेका लोकप्रतिनिधीने नाव घालून, पत्र लिहून, माघार घ्या असे सांगितले. २१ जुलैला त्यांनी माघार घेतली. त्याचा पक्षाला उपयोग झाला नाही, नोव्हेंबरमध्ये तो हरलाच. पण कोणी कोणाचा हात सोडला हे सर्वांना माहीत होते.

इतके लांब कशाला. २००७ मध्ये शिवसेना रालोआत होती, रालोआचा पाठिंबा शेखावतांना होता. सेनेने आघाडीची वाट सोडून प्रतिभाताई पाटलांना मत देणार असे जाहीर करून टाकले. त्या निर्णयावर वाद घालता येईल, कोणाला त्यात प्रांतीयता दिसेल. पण शेखावतांना कोणत्या मतांवर विसंबायचे नाही हे आधी कळले. उमेदवाराला एवढे तरी कळायला हवे की नको?

आता १९६९ च्या पोटी काय आले ते. १२ नोव्हेंबरला निजलिंगप्पांनी इंदिराबाईंना पक्षातून काढले, पक्ष फुटला. यशवंतराव, ज्यांनी बंगळूरला रेड्डींसाठी हात वर केला होता, ते फुटीनंतर इंदिराबाईंबरोबर राहिले. सत्ता जिकडे तिकडे, असे मी म्हणणार नाही. पक्ष एक राहावा म्हणून त्यांनी खटपट केली होती. पण दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याला दोन्हीकडचे लोक मनातून कमी लेखतात, आणि यशवंतरावांच्या वाट्याला पुढे ते पुष्कळ आले. काँग्रेसमध्ये मग संघटनेच्या निवडणुका १९७२ नंतर झाल्या त्या एकदम १९९२ मध्ये. वीस वर्षे! का होतील? बहुमताने ठरवलेला उमेदवार बहुमतातलेच लोक गुपचूप पाडू शकतात, हे एकदा दिसले की बहुमत मोजण्याचे कारणच उरत नाही. मग नेता नाव सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात.

आणि विवेक? मोकळ्या मतासाठी पत्र लिहिणाऱ्या दोघांपैकी फखरुद्दीन अली अहमद १९७४ मध्ये राष्ट्रपती झाले. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद त्यांच्यापुढे आला. मंत्रिमंडळाची मंजुरी नव्हती. ती दुसऱ्या दिवशी सकाळी घेतली गेली. त्यांनी सही केली. दुसरे, जगजीवनराम, मंत्रिमंडळात होते. ते बाहेर पडले फेब्रुवारी १९७७ मध्ये, निवडणूक जाहीर झाल्यावर. मला वक्त्यांना विचारायचे होते: तुमचा तो अंतरात्मा सहा वर्षांत कोठे गेला? की तो १९६९ मध्येही नव्हताच, नुसता पक्षादेशाला सापडलेला एक सोयीचा समानार्थी शब्द होता?

आमच्याकडे ही विद्या झिरपत आली. १९५७ पासून सीमाभागाने समितीचे उमेदवार निवडून दिले. एक भाकरी कमी खाऊन दिले. मग केव्हा तरी असे सुरू झाले की, बैठकीत एका नावावर सगळ्यांचे हात वर होतात, हार घातले जातात, नारळ फुटतो, आणि पंधरा दिवसांनी हात वर करणाऱ्यांपैकीच निम्मे 'ज्याला जे पटेल ते करा' म्हणून घरी बसतात. एकाच मतदारसंघात समितीचे नाव सांगणारे दोन-दोन उमेदवार आम्ही पाहिले. २०१८ च्या आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. याला राष्ट्रीय पक्षांचा पैसा कारण आहे, मतदारसंघांची मोडतोड कारण आहे, मराठी तरुणाला कन्नडमधून नोकरी शोधावी लागते हेही कारण आहे; सगळे मान्य. पण ज्या उमेदवाराला आपण उभे केले त्याला, बाबा रे, आता आम्ही तुझ्यामागे नाही, असे तोंडावर सांगणारा एकही माणूस या सगळ्यात मला आठवत नाही. भांडायला आम्ही शूर. सांगायला मात्र कोणी पुढे येत नाही.

आणि आता मी बोलतो आहे तर माझेही सांगितले पाहिजे. 'बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर' असे वक्त्यांना म्हणायचे आणि आपला बाप झाकून ठेवायचा, हे बरे नव्हे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका पतसंस्थेत अध्यक्षपदाची निवडणूक होती. माझ्याहून आठ वर्षांनी ज्येष्ठ असलेले एक गणिताचे शिक्षक उभे राहिले; त्यांना आपण येथे सर म्हणू. माणूस तोंडाचा फटकळ, कर्जाच्या फायलींत नातेवाइकांना चार शब्द जास्त सुनावणारा, म्हणून वादग्रस्त. पण पैशाला स्वच्छ. अर्जावर सूचक म्हणून माझी सही होती. प्रचाराच्या दुसऱ्या आठवड्यात वरून निरोप आला, दुसऱ्या गटाशी जुळवून घेतले तर बरे. मी तेव्हा मुख्याध्यापकपदाच्या उंबरठ्यावर होतो. मी सही मागे घेतली नाही. सरांना काही सांगितले नाही. शिक्षकांच्या खोलीत कोणी विचारले तर म्हणालो, 'सर्वजण सुशिक्षित आहात, मनाला पटेल तसे करा.' एवढेच. वाक्य किती सभ्य आहे पाहा! त्यात एकही अक्षर खोटे नाही.

सर अकरा मतांनी हरले. मोजणीच्या दिवशी ते माझ्या शेजारीच खुर्चीत बसले होते, आणि निकाल लागल्यावर त्यांनी मला चहा पाजला. त्यांना कळले होते की नाही, हे मला आजपर्यंत समजलेले नाही. पुढच्या जूनमध्ये मी मुख्याध्यापक झालो. त्यांच्या निरोपसमारंभात मानपत्र मीच वाचले.

रेड्डी हरल्यावर अनंतपूर जिल्ह्यातल्या आपल्या गावी शेती करायला गेले. १९७७ मध्ये ते पुन्हा उभे राहिले; या वेळी सदतीसपैकी छत्तीस अर्ज छाननीत बाद झाले आणि ते बिनविरोध राष्ट्रपती झाले. त्यांना दुसरी संधी मिळाली. सरांना मिळाली नाही. त्या पतसंस्थेच्या निवडणुकीला ते परत उभेच राहिले नाहीत.

त्या व्याख्यानाच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ते मला बाजारात भेटले. हातात मेथीची जुडी. म्हणाले, "काल पुढे बसला होतात. वक्ता चांगला बोलला, नाही?"

मी म्हणालो, "हो सर, चांगला बोलला."